मैदानाची चावी

मी रागीट बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या रागाचा वाटा आहे आणि माझ्या भित्रेपणाचा त्याहून मोठा. उभी हयात शाळेत खेळ शिकवले. मुलं माझ्या शिट्टीला कमी आणि आवाजाला जास्त घाबरायची. आई म्हणायची, "हिच्या नाकावर राग नाय, रागावर नाक हाय."

आमची कॉलनी शहराच्या कडेला, पुंडलिकनगरच्या पलीकडे. मी तिथे राहायला आले तेव्हा निम्म्याहून जास्त प्लॉट रिकामे होते आणि दिवाळीनंतर त्यांच्यातून मेंढ्यांचे कळप जायचे. मी हातातलं काम टाकून बघत उभी राहायची. मी पाचोडकडच्या एका मेंढपाळाच्या घरातली. लहानपणी एका काखेत दप्तर आणि दुसऱ्या काखेत कोकरू घेऊन चाललेली. पुढे प्लॉट भरत गेले. लोकांनी अंगणात फरशी घातली, फरशीपुढे गाडी चढवायला सिमेंटचा उतार केला, उतारापुढचा रस्ताही सिमेंटचा झाला. मेंढ्या यायच्या बंद झाल्या. उघडी माती उरली ती एकाच जागी. लेआउटच्या नकाशात तिला 'ओपन स्पेस' म्हणतात. आम्ही मैदान म्हणायचो.

मैदानाला कंपाउंड होतं, लोखंडी गेट होतं आणि गेटला कुलूप. चावी कॉलनीच्या समितीने माझ्याकडे दिली होती, कारण सकाळ-संध्याकाळ गेट उघडायची-लावायची कटकट दुसऱ्या कुणाला नको होती. मी ती शिट्टीच्या दोरीलाच बांधून गळ्यात घालायची. खरं सांगायचं तर मला त्या चावीचा फार अभिमान होता. स्वतःची एवढी जमीन आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर नव्हती.

तिथे मी मुलींना फुटबॉल शिकवायला लागले. सुरुवात काही ध्येयबियेय ठेवून झाली नाही. शाळेच्या स्टोअरमध्ये एक फुटबॉल धूळ खात पडला होता. मुलांना क्रिकेटपुढे काही दिसत नव्हतं आणि मुलींना काय हवं हे कुणी विचारलंच नव्हतं. कॉलनीतल्या काही मुली आल्या, मागच्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या काही आल्या. गोलपोस्टला दोन-दोन बांबू रोवले. मागच्या गल्लीतली एक मुलगी गोलकीपर झाली. लांब हातांची, कमी बोलणारी. बॉल अंगावर आला तर डोळे न मिटणारी. डोळे न मिटणं शिकवता येत नाही. मला तिचं फार कौतुक होतं, आणि म्हणूनच मी तिच्यावर सगळ्यांत जास्त ओरडायची.

दोन गोष्टींनी माझं डोकं फिरायचं. एक म्हणजे पाण्याचा दिवस. आमच्या भागात नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी यायचं, कधी दहा दिवसांनी. ज्या गल्लीचा दिवस त्या गल्लीतल्या मुली गायब. दुसऱ्या दिवशी विचारलं की मान खाली घालून एकच उत्तर: "पाणी आलं होतं, मॅडम." मी म्हणायची, "पाणी आलं होतं की पाहुणे आले होते? भावांना सांगा की ड्रम भरायला!" भाऊ कुठे असायचे हे मला माहीत होतं. तेव्हा ते क्रिकेट खेळत असायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे मैदानाचा उत्तरेकडचा कोपरा. पावसाळ्यात चारी बाजूंच्या गल्ल्यांचं पाणी सिमेंटवरून वाहत येऊन तिथे साचायचं. एक गोलपोस्ट तिथेच असल्यामुळे आठवडा आठवडा सराव बंद. मी समितीकडे अर्ज केला होता, एकदा नाही, तीनदा: त्या खड्ड्यात मुरूम टाकून द्या. मेंढपाळाच्या पोरीने साचलेल्या पाण्यावर मुरूम टाका म्हणून अर्ज करावा! पण शहरात राहून माणूस आपलं शहाणपण गहाण टाकतो, आणि ते कधी टाकलं हे त्याला कळतही नाही.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. त्याच्या आधीचंही धड नव्हतं, पण त्या वर्षी फेब्रुवारीतच बोअर कोरडे पडायला लागले. कॉलनीत टँकर फिरायला लागले. आणि त्याच वर्षी समितीने ठरवलं की मैदानावर गट्टू बसवायचे. गट्टू म्हणजे रस्त्याच्या कडेला बसवतात ते सिमेंटचे ठोकळे. धूळ उडणार नाही, गाड्या लावता येतील, लग्नाचे मांडव घालता येतील. निधीही मंजूर होण्याच्या बेतात होता. उन्हाळा संपायच्या आत काम सुरू.

समितीचे अध्यक्ष सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, टापटिपीचे गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांचं घर मैदानाच्या उत्तरेच्या भिंतीला लागून. "मॅडम, तुमच्या पोरी लाथा मारतात आणि धूळ माझ्या देव्हाऱ्यात येते," असं ते हसून म्हणायचे, पण ते हसणं बोलण्यापुरतंच असायचं. मी त्यांच्याशी दोनदा भांडले. तिसऱ्यांदा त्यांनी शांतपणे सांगितलं, "चावी तुमच्याकडे विश्वासाने दिली आहे. तो विश्वास टिकवा म्हणजे झालं." मला अर्थ बरोबर कळला. गट्टू बसले की टीम संपली. जवळपास दुसरी जागाच नव्हती.

अशा वेळी पुण्याहून एका संस्थेची मुलगी आली. मुलगीच म्हणायची, पंचविशीची असेल. फुटबॉलच्या निमित्ताने वस्तीतल्या लोकांशी हवामान बदलाबद्दल बोलायचं, असा तिचा कार्यक्रम होता. एक दिवसाची स्पर्धा, मुलींच्या चार टीम, टी-शर्ट, फलक, प्रमुख पाहुणे. मला हवामान बदलाशी काही देणंघेणं नव्हतं. मी हिशेब केला तो एवढाच: पाहुणे येतील, पेपरात फोटो येईल, मग या मैदानावर गट्टू बसवायला काका धजणार नाहीत. मी हो म्हटलं.

तिने मुलींना खेळ शिकवले. एका टीमने धूर व्हायचं, दुसरीने झाडं व्हायचं, धुराने गोल केला तर तापमान वाढलं. मुली हसून लोटपोट. गोलकीपरने मला हळूच विचारलं, "मॅडम, मी गोल वाचवला तर पाऊस पडंल का?" मी म्हटलं, "तू आधी गोल वाचव."

स्पर्धेचा दिवस मे महिन्यातला, सकाळी सातचा. आदल्या संध्याकाळी मी मैदानावर उभी राहिले तर पायाखालची माती पिठासारखी उडत होती. खेळाच्या धंद्यात आम्हाला एक सवय असते. सामन्याच्या आधी मैदानावर पाणी मारायचं, धूळ बसवायची, मग फक्कीने पांढऱ्या रेषा ओढायच्या. पाणी न मारता सामना लावणं म्हणजे दारात सडा न घालता पाहुण्यांना या म्हणणं. मी इतकी वर्षं जिल्ह्याच्या मैदानांवर हेच करत आले होते. मी फोन केला आणि सकाळी सहाला टँकर मागवला. एवढं सोपं होतं ते. मनात एक क्षणही काही आलं नाही.

त्या दिवशी मागच्या गल्लीला पाणी येऊन अकरा दिवस झाले होते.

टँकरवाल्याने मागचा पाइप सोडला. मातीला पाणी लागल्यावर जो वास सुटतो तो सुटला. मला वाटतं, त्या वासानेच बायका बाहेर आल्या. आधी दोघी, मग दहा, मग मोजता येईनात. हंडे, कॅन, रंगाच्या रिकाम्या बादल्या. सगळ्यांच्या पुढे गोलकीपरची आई. ती सिल्लोडकडच्या खेड्यातली. दोन वर्षं मका-कपाशी करपल्यावर नवऱ्याबरोबर शहरात आलेली, कॉलनीत चार घरी धुणं-भांडी करणारी. तिने पाइपाखाली हंडा धरला नाही. ती नुसती पाइपापुढे उभी राहिली. साडी भिजत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "आमचे हंडे पालथे पडलेत घरात, अन् तुमी मातीला आंघोळ घालायलात व्हय?"

आवाज चढवला नव्हता तिने. चढवला असता तर मी दुप्पट चढवला असता, ते मला जमतं. माझ्या शेजारीच पुण्याची मुलगी उभी होती आणि तिच्या हातात फलक होता, 'पाणी वाचवा'. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आम्ही तर पाषाणही नव्हतो, आमचे पाय ओल्या चिखलात होते. तेवढ्यात काका आले. त्यांनी टँकरकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या चावीकडे पाहिलं.

"कुणी मागवला हा टँकर?"

आणि मी म्हणाले, "संस्थेच्या लोकांनी."

पुण्याच्या मुलीने माझ्याकडे वळून पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने फलक गुंडाळला, पुढे झाली आणि एका म्हातारीची बादली पाइपाखाली धरायला लागली.

उरलेला टँकर बायकांनी भरून नेला. सामने धुळीतच झाले. पाहुणे तोंडाला रुमाल लावून बसले आणि पहिला सामना संपायच्या आत गेले. कुठल्याही पेपरात काही आलं नाही.

मला रात्रंदिवस एकच आठवत राहिलं. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही मेंढ्या घेऊन नदीच्या कोरड्या पात्रात जायचो. वडील वाळूत झिरा खोदायचे, म्हणजे हाताने उकरून केलेला खड्डा. त्यात तळातून पाणी झिरपून वर येतं. पाणी थोडं, तोंडं शंभर. पण वडिलांचा नियम पक्का होता. कोकरांना पाजत्या मेंढ्या आधी, मग बाकीचा कळप, मग कुत्री, मग माणसं. मी एकदा तहानेने आधी ओंजळ घातली तर त्यांनी माझा हात धरून ओंजळ परत झिऱ्यात ओतायला लावली. मारलं नाही. नुसतं म्हणाले, "तुला मागता येतं. त्याहिला येत नाय." त्या नियमावर वाढलेली मी, आणि मातीला आधी पाजायला निघाले होते. वर खोटं बोलले. मला माझी लाज वाटली, आणि ती लाज रागासारखी बाहेर काढता येत नव्हती.

गोलकीपर सरावाला यायची बंद झाली. चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी तिच्या घरी गेले. एकच खोली, भिंतीला ओळीने लावलेले ड्रम. तिच्या आईने सतरंजी टाकली आणि तांब्या-पेला पुढे केला. पेला काठोकाठ भरलेला. मी म्हटलं, "नको ताई, राहू द्या." तिचा चेहरा बदलला.

"पाणी बी नाय घेणार का आमच्या घरचं?"

कुणाच्या दारात जाऊन पाण्याला नाही म्हणणं म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती. मी पेला उचलला आणि सगळा प्यायले. ती बघत होती. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "टँकर त्या पुण्याच्या पोरीनं मागवला म्हणं."

माझ्या घशात अजून तिचं पाणी होतं. मी मान हलवली. हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. गेंड्याच्या कातडीची माणसं निदान सरळ खोटं बोलतात.

तिने विषय सोडून दिला. म्हणाली, "ते दुसऱ्या फलकावर हवामान बदल लिव्हलंय, ते काय असतं?" मी काहीतरी सांगितलं, धूर, उष्णता, झाडं, धुराची टीम आणि झाडांची टीम. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडं मिरगात पेरायचे. आता मिरगात पेरलं तर बी जळतंय, नाय पेरलं तर हंगाम जातोय. पाऊस येतोय तवा चार दिसाचा एका दिसात येतोय, माती घेऊन जातोय. आमी गाव काय हौसंनं सोडलं का? हेच का ते?"

"हेच," मी म्हटलं. "ताई, हे तुम्ही मैदानावर येऊन सांगाल का? सगळ्यांसमोर?"

"मला कुठं येळ हाय," ती म्हणाली. मग रिकामा पेला उचलत: "पाण्याच्या दिवशी खेळ ठेवा. त्या दिवशी सगळ्या बाया घरी असत्यात. एकदाचे ड्रम भरले का जिवाला निवांतपणा असतोय. तवा येतील."

ज्या दिवसावर मी इतकी वर्षं दात-ओठ खात होते, त्याच दिवशी खेळ! पण तिचं बरोबर होतं. पुण्याच्या मुलीला मी फोन करून कळवलं. टँकरबद्दल ती फोनवरही काही बोलली नाही, आणि मीही नाही.

मागच्या गल्लीच्या पुढच्या पाण्याच्या दिवशी संध्याकाळी पाचला सामना लावला. बायका खरंच आल्या. ओल्या साड्या, सुरकुतलेली बोटं, आणि चेहऱ्यावर सण पार पडल्यासारखी स्वस्थता. पुरुषही आले, कारण बायका कुठे चालल्यात हे बघायचं होतं. हाफ टाइमला मी सांगितलं की आता पाणी आणि हवामानाबद्दल ज्याला जे वाटतं ते बोला. सगळे एकदम बोलायला लागले. माझं डोकं फिरलं. शिट्टी फुंकली आणि ओरडले, "ज्याच्या हातात बॉल, तोच बोलेल! बाकीच्यांनी तोंड बंद!" रागात तोंडून निघालेलं वाक्य, पण तोच नियम होऊन बसला.

बॉल फिरायला लागला. एका म्हातारीने तो मांडीवर घेतला नातवंडासारखा. "बहात्तरला खायाला नव्हतं, पण पाणी व्हतं," ती म्हणाली. "आता खायाला हाय, पाणी नाय." कुणी म्हणालं, पूर्वी रात्री गच्चीवर चादर घ्यावी लागायची, आता पहाटेपर्यंत स्लॅब तापलेला असतो. एकाने म्हटलं, दुष्काळ काय आजचा आहे, मराठवाड्याच्या पाचवीलाच पुजलाय. पुण्याच्या मुलीकडे बॉल आला तेव्हा तिने फार सांगितलं नाही. म्हणाली, दुष्काळ जुना आहे, पण हवा तापली की तो लवकर येतो आणि जास्त दिवस मुक्काम करतो. आणि पडलेलं पाणी मुरायला माती राहिली नाही की आलेला पाऊसही हाती लागत नाही. लोक ऐकत होते. हाफ टाइम दहा मिनिटांचा असतो. तो अर्धा तास चालला, आणि पुढच्या पाण्याच्या दिवशी त्याहून जास्त.

तिसऱ्या खेपेला काका आले. खुर्ची घेऊन बसले. गट्टूंचा निधी मंजूर झाला होता, काम पंधरा दिवसांत सुरू होणार होतं. बॉल त्यांनी मागून घेतला आणि म्हणाले, "चर्चा चांगली आहे. पण पाण्याची खरी उधळपट्टी याच मैदानापायी होते, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. ती संस्थेची पोरं येतात, टँकर सोडतात, निघून जातात. गट्टू बसले की हा प्रश्नच मिटला." आणि त्यांनी बॉल माझ्याकडे फेकला. मी झेलला.

पुण्याची मुलगी समोर मातीत मुलींच्या रांगेत बसली होती. पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघा ओढत होती. मान वर करत नव्हती. माझ्या हातात बॉल होता, आणि नियम माझाच होता. बोलले तर चावी जाणार, चावीबरोबर मैदान जाणार. गप्प बसले तरी मैदान जाणारच होतं, फक्त तिच्या नावावर.

"टँकर मी मागवला होता," मी म्हणाले. माझा आवाज, ज्याला मुलं घाबरायची, तो मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "संस्थेने नाही. मी. धूळ बसावी म्हणून. मागच्या गल्लीला अकरा दिवस पाणी नव्हतं आणि मी मातीवर ओतलं. आणि खोटं बोलले. या मुलीने माझं खोटं एवढे दिवस पोटात ठेवलं."

कुणीतरी "अरारा" केलं. काकांनी हात पुढे केला. "मग चावी द्या, मॅडम. विश्वासाचा प्रश्न आहे." मी दोरीची गाठ सोडली आणि चावी त्यांच्या हातात ठेवली. गोलकीपर माझ्याकडे बघत होती, डोळे न मिटता. मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

तेव्हा तिची आई उठली. माझ्या हातातून बॉल घेतला. "मॅडमचं चुकलं," ती म्हणाली. "चुकलं ते बोलल्या. आता ज्याच्या बोअरला पाणी हाय, त्यानं बी बोलावं." आणि ती चार पावलं चालून गेली आणि बॉल काकांच्या मांडीवर ठेवला.

ती काकांच्या घरी रोज भांडी घासायची. त्या एका वाक्याने तिचं ते घर सुटू शकत होतं, आणि मैदानावरच्या प्रत्येकाला ते कळत होतं.

काकांनी बॉल दोन्ही हातांनी धरला. टापटिपीचा माणूस, बॉलची धूळ पँटला लागली तरी झटकली नाही. मग म्हणाले, "आमच्या बोअरला पाणी आहे. थोडं थोडं, पण आहे. आटलं नाही अजून. कुणाला सांगितलं तर रांग लागेल म्हणून बोललो नाही."

गलका झाला असता, पण बॉल त्यांच्याच हातात होता. मागून बोअर खणायच्या गाडीवर काम करणारा एका मुलीचा बाप म्हणाला, "काका, बॉल नाय माझ्याकडं, पण बोलतो. सगळ्या कॉलनीचे बोअर आटले अन् तुमचाच कामून नाय आटला? तुमच्या भिंतीला हे मैदान हाय. त्या कोपऱ्यात पावसाळाभर पाणी साचतंय अन् मुरतंय. बाकी सगळीकडं सिमेंट. गट्टू बसवा, पुढच्या वर्षी तुमचा बी आटंल."

मी उत्तरेच्या कोपऱ्याकडे पाहिलं. ज्या खड्ड्यावर मुरूम टाका म्हणून मी तीनदा अर्ज केला होता, त्याच्याकडे. तो आमच्या सगळ्यांचा झिरा होता. नदीच्या वाळूत बसून हे शिकलेली बाई मी. काकांना धूळ दिसली, मला डबकं दिसलं, पाणी दोघांनाही दिसलं नाही.

गट्टू बसले नाहीत. एकदम सगळे शहाणे झाले असं नाही. दोन मीटिंगा भांडणात गेल्या, पार्किंगवाले अजूनही रुसलेले आहेत. निधीतून मैदानाच्या तीन कडांना चालायची पट्टी झाली आणि मधली माती तशीच राहिली. शेजारच्या काही घरांनी गच्चीच्या पावसाच्या पाण्याचे पाइप उत्तरेच्या कोपऱ्याकडे वळवले, त्यात पहिलं घर काकांचं. आम्ही गोलपोस्ट उपटून सात पावलं अलीकडे रोवलं. मैदान तेवढं लहान झालं. कोपरा पाण्याला सोडला. त्या उन्हाळ्यात काकांच्या भिंतीतून एक नळी बाहेर निघाली, आणि ज्यांच्या घरात लहान मूल त्यांना आधी, असा नियम लागला. तो नियम कुणाचा, हे मी कुणाला सांगितलं नाही.

चावी मला परत मिळाली नाही. काकांनी ती गोलकीपरच्या आईकडे दिली. का दिली ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तिचं भांड्यांचं काम त्यांच्या घरी अजून चालू आहे.

तिचा कारभार माझ्याहून कडक. पाण्याच्या दिवशी शेवटच्या घराचा शेवटचा ड्रम भरल्याशिवाय गेट उघडत नाही. एकदा आमच्या गल्लीच्या दिवशी मी बॉल घेऊन जरा लवकर गेले तर ती कुलूप लावून बाहेर उभी. "मॅडम, तुमचं पाणी भरून झालं का?" मी म्हटलं, अजून नाही. "मग इथं काय करायलात? जावा, भरून या." मी निमूट घरी गेले आणि भरून आले. परत आले तरी मुली यायच्या होत्या. आम्ही दोघी गेटपाशी कट्ट्यावर बसलो.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "तो टँकरवाला आमच्या गावाकडचा हाय. त्याच दिवशी सांगितलं व्हतं त्यानं, मॅडमनं मागवला म्हणून."

म्हणजे मी सतरंजीवर बसून मान हलवली तेव्हा तिला माहीत होतं. पेला काठोकाठ भरला तेव्हाही माहीत होतं. मी विचारलं, "मग मला पाणी कशाला दिलंत?"

तिला प्रश्नच कळला नाही. "घरी आल्या व्हत्या ना तुमी," ती म्हणाली, आणि उठून कुलूप उघडायला गेली.